महाराष्ट्र दिनी पोचलेले युरो

१

"मावशी, पैसे आलेच नाहीत."

मंगळवारची सकाळ. कतारला अल नस्रमधल्या ऑफिसात उल्का रणदिवेने कराक चहाचा कागदी कप नुकता ओठाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला. फोनवर दुर्गा होती, थेट लाइपझिगहून.

"आले नाहीत म्हणजे काय गं? शुक्रवारी कार्यक्रमात विजयने स्टेजवरून सांगितलं ना, पाठवलेत म्हणून. अख्ख्या सभागृहाने टाळ्या वाजवल्यात."

"खात्यात नाहीत. काल दिवसभर बघितलं, आज सकाळी बँकेत जाऊन विचारून आले. परवा माझी इथं राहायच्या परवान्याची तारीख आहे, मावशी. वर्षाचा खर्च खात्यात दिसला नाही तर मला परत पाठवतील." पोरीचा आवाज फुटला.

"रडू नकोस आधी. जेवलीस का काही?"

"शुक्रवारी पाव आणायला खाली उतरले तर सगळं बंद. रस्त्यात झेंडे घेऊन मिरवणूक. दोन बटाटे उकडून खाल्ले. आणि आता हे कळल्यापासून भूकच मेली आहे."

दुर्गा ही महिपती केंद्रेंची लेक. महिपती मूळचे अंबाजोगाईकडचे, रास लफानच्या गॅस प्लांटांवर ट्रेलर चालवतात, कंपनीच्या कॅम्पमध्ये एका खोलीत सहा जणांत राहतात. लेक नर्सिंगला निघाली, जर्मन शिकली, लाइपझिगच्या एका शाळेत तिला जागा मिळाली. पण तिथलं सरकार म्हणतं, वर्षभराचे पैसे आधी खात्यात दाखवा. बारा हजार युरोंच्या आसपास! निम्मे महिपतींनी आयुष्यभर साठवलेले, निम्मे मराठी मित्रमेळ्याने गोळा केलेले.

कतारहून सरळ पाठवले तर मधल्या बँका वाटेत एकेक घास खातात आणि दिवसही खातात. म्हणून विजय दिघे पुढे झाला. तो पूर्वी मिलानजवळ नोकरीला होता, त्याचं इटलीतलं खातं अजून चालू होतं. "रियाल मला इथं द्या, युरो मी तिथनं सोडतो," तो म्हणाला. युरोपातल्या देशांनी आपसांत केलेली सोयच तशी आहे. इटलीतून जर्मनीत युरो धाडणं म्हणजे पुण्याहून नाशिकला धाडण्यासारखं. मधे कोणी हात मारत नाही.

उल्काला हे कोणी शिकवायला नको होतं. युरोपातून व्हॉल्व्ह मागवणाऱ्या कंपनीत ती पैसे चुकते करायचं काम करते, रोज उठून हेच. म्हणूनच तिला कळत होतं की शुक्रवारचे पैसे मंगळवारी नाहीत म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

२

दुपारपर्यंत मित्रमेळ्याच्या ग्रुपवर शिमगा सुरू झाला.

विजयने फोनच्या पडद्याचा फोटो टाकला. एक मे, संध्याकाळी सात वाजता, रक्कम लाभार्थीच्या खात्यात जमा. खाली दोन ओळी: "माझ्याकडून काम चोख झालेलं आहे. पुढचं महिपतींना विचारा."

बस्स. मग काय, प्रत्येकाला कंठ फुटला. कुणी म्हणालं, पोरीने उडवले असतील. कुणी म्हणालं, बापलेकीचं संगनमत असणार, दुसऱ्यांदा मागायचा बेत. एका महाभागाने लिहिलं, "अशा लोकांना मदत करायची म्हणजे हे असंच व्हायचं." त्यावर सात जणांचे अंगठे वर. उल्काच्या अंगाची लाही लाही झाली. 'अशा लोकांना' म्हणजे कशा रे बाबा? ट्रेलर चालवणाऱ्या? तुमच्या प्लांटचे पाइप तुम्ही डोक्यावर वाहता काय?

पण संशय ही गोष्ट मोठी लबाड. महिपती खोटं बोलत असले तर? पोरगीच कुणाच्या नादी लागली असली तर? हा विचार उल्काच्याही मनाला चाटून गेला आणि मग तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी महिपती अबू हमूरला तिच्या दारात उभे. कामाचे बूट बाहेर काढले, पण आत यायला तयार नाहीत.

"या ना आत, भाऊ. पाणी तरी घ्या."

"नगं ताई. मी कशापायी आलो, तेवढं ऐका." त्यांनी टोपी हातात चुरगाळली. "पैसं गेलं तर माझं अर्धं आयुष्य गेलं, ते मी पुन्यांदा मिळवीन. पन चोर म्हनले मला. त्या ग्रुपात आमच्या गावचं दोघं हायेत. आता गावाकडं बी गेलं असंल."

"मी शोधून काढते. मला फक्त सांगा, दुर्गाच्या खात्याचा नंबर विजयला कुणी दिला?"

"मी कैवल्यला सांगितला, नाटकाच्या तालमीत. त्यानं लिवून घेतला. त्यो लई घाईत व्हता, ताई. एका कानाला फोन, तोंडानं पोरांवर वरडत व्हता."

३

कैवल्य सबनीस मित्रमेळ्याचा खजिनदार. वय तिशीतलं, कामाला उत्साही आणि स्वभावाला धांदरट. उल्काने त्याला गाडीतूनच फोन लावला आणि थेट त्याच्या इमारतीखाली जाऊन उभी राहिली.

"विजयला पाठवलेला नंबर दाखव."

त्याने मेसेज उघडला. उल्काने दुर्गाला फोन लावून स्पीकरवर टाकलं. "दुर्गा, खात्याचा नंबर सावकाश वाच. एकेक अक्षर."

दुर्गा वाचत गेली. कैवल्य स्क्रीनवर बोट फिरवत गेला. आरंभीची दोन अक्षरं देशाची, जर्मनीची, बरोबर. पुढचे आकडे बरोबर. अर्ध्यावर बोट थांबलं. दुर्गा म्हणाली होती चार-सात. मेसेजमध्ये होतं सात-चार.

कैवल्यचा चेहरा पांढराफटक पडला. उल्काने फोन बंद केला तेव्हा तो फुटपाथच्या कठड्यावर मटकन बसला होता.

"मी केलं, उल्काताई. माझ्या हाताने पैसे भलत्याच जर्मन माणसाला गेले. आणि तिकडे महिपतींना चोर म्हणताहेत. मी, मी आत्ता ग्रुपवर लिहितो. मी भरून देतो सगळे. बाइक विकतो, आईला सांगतो..."

"एक अक्षर लिहायचं नाही ग्रुपवर. खलास!"

"अहो पण माझ्या चुकीमुळे—"

"कैवल्य, तू गाढव आहेस हे खरं." उल्काच्या ओठांवर, ऐन संकटात, हसू उमटलं होतं. "पण या गाढवपणाने आज फार मोठं काम केलंय. उद्या संध्याकाळी सातला विजयच्या घरी ये. तोवर तोंड शिवून ठेव."

४

विजयचा व्हिला तिथून दोन गल्ल्यांवर. शैलजाने, त्याच्या बायकोने, दार उघडलं. दिवाणखान्यात कंपनीचं जाकीट खुर्चीच्या पाठीवर नीट घडी करून ठेवलेलं. भिंतीशी खोके रचलेले.

"कुठे जाताय की काय गं?" उल्काने विचारलं.

"छे! आवरते आहे नुसती. हल्ली हे घरीच असतात ना, घरून काम. म्हटलं जरा माळा मोकळा करावा."

विजय आतून आला. पन्नाशीचा, कानाशी पिकलेला, आवाज असा की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. "ये उल्का. त्या केंद्र्यांचंच ना? वाईट वाटतं गं. मदत करायला जावं तर आपल्याच गळ्यात घोंगडं."

"नाही हो, विजयदा. मला फक्त आमच्या बँकेतून चौकशी लावायची आहे, म्हणून दोनतीन गोष्टी. साधे पाठवलेत की तातडीचे?"

"साधेच. स्टेजवर बोललो नव्हतो का, संध्याकाळपर्यंत पोचतील म्हणून? इकडे शुक्रवारची सुट्टी असते, पण तिकडे शुक्रवार कामाचा. म्हणून तर मी मुद्दाम शुक्रवार धरला. दुपारी सोडले, सातला जमा झाल्याचा मेसेज आला."

"नंबर भरताना काही अडलं?"

"काय अडायचंय? कैवल्यने पाठवला तो जसाच्या तसा उचलून टाकला. पहिल्या फटक्यात गेला."

"आणि नाव? बँकेने नावाचं काही विचारलं?"

क्षणभर विजयच्या भुवया जवळ आल्या. "नाव बरोबरच होतं की."

तेवढ्यात बेल वाजली. दारात जियाद, घरमालकाचा माणूस. त्याने विजयच्या हातात भाड्याची पावती ठेवली आणि हसून म्हणाला, "शुक्रन, थँक्यू, विजय! चेक पास. आता मुदीर, मोठे साहेब खूश, मी खूश, पोलीसवाले पण खूश!" विजय हसला नाही. त्याने दार जरा जोरातच लावलं.

उल्काने पर्स उचलली. शैलजा चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा ती चपला घालत होती.

५

"प्लांटच्या ऑपरेशन्सचा माणूस घरून काय काम करतो रे?" रात्री जेवताना उल्काने नवऱ्याला विचारलं.

श्याम रास लफानलाच, दुसऱ्या प्लांटवर शिफ्टमध्ये. त्याने आमटीचा भुरका मारला. "सोफ्यावर बसून व्हॉल्व्ह फिरवत असेल! काहीतरीच काय. कोण म्हणालं?"

"विजय."

"अरेच्चा. म्हणून बसच्या थांब्यावर दिसत नाही होय तो. रमजान ईद झाली, त्यानंतर मला दिसलेलाच नाही." श्यामने हात थांबवला. "उल्का, त्यांच्याकडे मार्चमध्ये बरीच माणसं कमी केलीत हं."

"आणि घरभाड्याचे चेक वर्षभराचे आधीच लिहून दिलेले असतात."

"असतातच. एक जरी परत गेला तरी सरळ पोलीस. इथं त्यात कुणाची गय नाही."

उल्का ताटातल्या भाताशी खेळत राहिली. नोकरी गेली असेल बिचाऱ्याची. पण नोकरी जाणं हा काही गुन्हा नाही, आणि फोटोत तर जमा झालेली रक्कम स्वच्छ दिसतेय. कैवल्यच्या उलट्या आकड्यांवरून फोटो खोटा म्हणावा, तर एवढ्यावर लोकांना ते पटणार कसं? दुर्गाचा शब्द एकीकडे, विजयचा दुसरीकडे. लोक विजयचाच शब्द धरणार. तो साहेब, ते ट्रेलरवाले.

मग तिला दुर्गाचे उकडलेले बटाटे आठवले. का उकडले होते पोरीने बटाटे?

ती ताडकन उठली. "श्याम! शुक्रवारी काय होतं?"

"महाराष्ट्र दिन. तूच मला फेटा बांधायला लावलास."

"आणि?"

"आणि सुट्टी. शुक्रवार ना."

"आणि, श्याम, आणि? शाळेत झेंडावंदनाला फळ्यावर दोन नावं लिहायचे. एक महाराष्ट्र दिन. दुसरं?"

श्यामने डोकं खाजवलं आणि मग त्याचे डोळे मोठे झाले.

६

बुधवारी संध्याकाळी विजयच्या दिवाणखान्यात पाच माणसं जमली होती आणि कुणीही सरबताला हात लावला नव्हता. विजय, शैलजा, कोपऱ्यात घामाघूम कैवल्य, आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकलेले महिपती. उल्का उभी होती.

"विजयदा, मी आधी तुमच्याच बाजूने विचार केला. म्हटलं पैसे खरंच गेले असतील, तर कुठल्या वाटेने? वाटा दोनच. एक तातडीची. तिच्यात रात्र नाही, रविवार नाही, सण नाही. दहा सेकंदांत पैसे समोरच्या खात्यात पडतात, नाहीतर लगेच परत येतात. पण तुम्ही दोनशे लोकांसमोर म्हणालात, संध्याकाळपर्यंत पोचतील. म्हणजे साधी वाट."

"मग? साध्या वाटेला काय बंदी आहे?"

"एका दिवशी आहे. साध्या वाटेने जाताना एका बँकेचे पैसे दुसऱ्या बँकेला मिळतात ते युरोपच्या मधल्या यंत्रणेतून. ती शनिवार-रविवार बंद असते, आणि वर्षातले मोजके दिवस बंद असते. त्यातला एक म्हणजे एक मे."

विजयने हात झटकला. "शुक्रवार होता तो. तिकडे शुक्रवार—"

"वार धरलात, तारीख विसरलात! आपण इथं सगळे वारावर जगतो ना, शुक्रवार आपल्या सुट्टीचा, शुक्रवार त्यांच्या कामाचा. आणि एक मे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फेटे आणि लेझीम. पण तो कामगार दिनही आहे, विजयदा. दुर्गाला त्या दिवशी पाव मिळाला नाही. दुकानं बंद, बँका बंद, रस्त्यात मोर्चा. त्या दिवशी साध्या वाटेने इटलीच्या बँकेतून जर्मनीच्या बँकेत एक छदामही पोचू शकत नव्हता. लवकरात लवकर सोमवारी पोचला असता. मग तुमच्या फोनवर शुक्रवारी सातला 'जमा' म्हणून कुणी लिहिलं?"



"बँकेची काही गडबड असेल," विजय म्हणाला. आवाजातली डोलवणारी ताकद गेली होती. "आणि कैवल्यने नंबर चुकवला असेल तर? मी काय करणार? गेले असतील भलतीकडे."

"चुकवलाच होता." कैवल्यने मान खाली घातली. "मी दोन आकडे उलटे केले, विजयदा."

"मग झालं तर!" विजयने चटकन वर बघितलं. बुडत्याला काडी सापडली. "ऐकलंत ना? मी तोच जसाच्या तसा टाकला!"

"काल मला तेच म्हणालात. जसाच्या तसा, पहिल्या फटक्यात." उल्का सावकाश बोलत होती. "त्या नंबरात देशाच्या अक्षरांनंतरचे दोन आकडे असतात ना, ते राखणदार आहेत. बाकीच्या सगळ्या आकड्यांचा हिशेब करून काढलेले असतात. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की तो हिशेब जुळत नाही, आणि बँक दारातच अडवते. नंबर चुकीचा आहे म्हणते, पुढे जाऊच देत नाही. मी रोज शंभरदा पाहते हे. शिवाय आता बँक नावही नंबराशी ताडून बघते. कैवल्यने दिलेल्या नंबरावर पैसे जगात कुणालाही जाऊ शकत नाहीत. दुर्गाला नाही आणि भलत्या जर्मनालाही नाही."

महिपती पुढे वाकले. "म्हंजी ताई, पैसं गेलंच न्हाईत?"

"गेलेच नाहीत, भाऊ. ज्याने खरंच पाठवायचा प्रयत्न केला असता, तो दुसऱ्या मिनिटाला कैवल्यवर खेकसला असता, अरे नंबर धड दे. विजयदांनी विचारलं नाही, कारण त्यांनी तो नंबर कधी भरलाच नाही."

शैलजाने नवऱ्याकडे बघितलं. "अहो. खोटं आहे म्हणा ना."

 विजयने एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"मार्चमध्ये काढलं मला," तो बोटांआडून म्हणाला. "तुलाही सांगितलं नाही गं. भाड्याचा चेक महिन्याअखेरीला लागणार होता. परत गेला असता तर मी आत असतो. रियाल हातात होते, ते खात्यात भरले. म्हटलं, इटलीतले युरो पाठवून देऊ. ते आहेत, सगळेच्या सगळे आहेत तिथे. पण तेवढेच उरलेत माझ्याकडे. आपल्या ईश्वरीच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचे. रोज उघडायचो आणि पाठवा म्हणायला बोट उठायचं नाही. कार्यक्रम आला, सगळे विचारायला लागले... जुन्या मेसेजवर तारीख-रक्कम बदलून फोटो केला, नोकरी सुटल्यावर कंपनीकडून मिळायचे पैसे आले की भरू म्हणालो."

"आणि तोवर हे चोर ठरले तरी चालतील," उल्का म्हणाली. तिला त्याची कीव आली होती आणि कीव आल्याचा संतापही आला होता. "तुमच्या लेकीचं वर्ष ते वर्ष, आणि यांच्या लेकीचं?"

 शैलजा उठली, आत गेली, आणि नवऱ्याचा फोन आणून त्याच्यासमोर धरला. तिचे डोळे वाहत होते, पण हात स्थिर होता. "पाठवा. ईश्वरीचं आपण बघू. माझे दागिने काय पुजायला ठेवलेत?"

उल्काने दुर्गाकडून आलेला नंबर पुढे केला. विजयने भरला. बँकेने नाव ताडून पाहिलं, शेजारी हिरवी खूण उमटली.

"तातडीचे," उल्का म्हणाली.

त्याने बटण दाबलं.

महिपतींनी आपला जुना फोन दोन्ही तळव्यांत धरला होता, देवाचा अंगारा धरावा तसा.  फोन वाजला.

"बाबा!" दुर्गा ओरडत होती, आणि ती रडतेय की हसतेय ते कळेना. "बाबा, आले! आत्ता आले! सगळे आले!"

"आलं का बाय? बरं झालं. उद्या टायमावर जा. आदी पोटभर जेव." महिपतींनी फोन ठेवला आणि बाहीने तोंड पुसलं. कैवल्य चक्क हुंदके देत होता.

विजय उठून त्यांच्यासमोर आला आणि वाकायला लागला. महिपती झटकन मागे सरले.

"पाया नका पडू, साहेब. मी मोटा मानूस न्हाई. आनी माफ बी केलं न्हाई अजून." ते शांतपणे बोलत होते. "नोकरी गेली, तुमचं हाल झालं, ते मला समजतं. मला दोनदा काडलंय कामावरनं. पन तुमी माझं नाव जिथं बुडवलं, तिथंच वर काडा. ग्रुपावर लिवा. महिपती केंद्रे चोर न्हाई, पैसं मी पाटवलंच नव्हतं. येवडंच."

विजयने फोन उचलला. मघाशी बारा हजार युरो सोडणारं बोट आता अक्षरांवर अडखळत होतं. दोनदा लिहून पुसलं. नोकरीचं लिहिलं, चेकचं लिहिलं, तेही पुसलं. शैलजा शेजारी बसून बघत होती. शेवटी त्याने फोन उल्काकडे दिला.

"वाचा ताई," महिपती म्हणाले. "मोट्यानं."

"महिपती केंद्रे चोर नाहीत," उल्काने वाचलं. "पैसे मी पाठवलेच नव्हते. फोटो खोटा होता. विजय दिघे."

"द्या सोडून."

तिने सोडला. खोलीतले सगळे फोन एकदम वाजले. महिपतींनी आपला उघडून ती ओळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग टोपी घातली, दाराशी जाऊन बूट चढवले.

"आता गावाकडं बी जाईल," ते म्हणाले. "येतो ताई. पहाटं ड्यूटी हाय."